किल्ली हातात द्या

नव्या मोटारसायकलची किल्ली त्याने काउंटरवर ठेवली आणि एका बोटाने माझ्याकडे सरकवली.

क्षणापूर्वी हाच माणूस मला दादा म्हणत होता. पुण्याचा. सिंगापूरच्या शोरूममध्ये मराठी बोलणारा सेल्समन भेटला म्हणून मीही हुरळून गेलो होतो. गाडी पसंत करताना त्याने कॉफी पाजली, मरीन परेड भागातल्या त्याच्या घरच्या गणपतीला यायचं आमंत्रण दिलं. गाडी ताब्यात घ्यायला बायको-मुलीला घेऊन गेलो, तर हा हळदकुंकू आणि नारळ घेऊन तयार.

"आपल्या माणसांसाठी ठेवतोच मी. फोडा, दादा."

"नारळ नको. आम्ही बौद्ध आहोत."

"अच्छा," तो म्हणाला. मग परत, "अच्छा, अच्छा."

बस. शिवी नाही, काही नाही. नारळ टेबलाखाली गेला. आमच्या आधीच्या गिऱ्हाइकाला त्याने किल्ली दोन्ही हातांनी दिली होती, किंचित वाकून, इथल्या रीतीने. फोटोही काढला होता. इथे हॉकर सेंटरमधला, खाण्याच्या गाळ्यावरचा माणूस सुटे पैसेसुद्धा दोन्ही हातांनी देतो. मला बोट मिळालं. मी मुकाट्याने किल्ली उचलली.

"व्हाय नो फोटो, पप्पा?" मुलीने विचारलं. ती इथेच जन्मली. जात हा शब्द तिने ऐकलेला नव्हता.

"विसरले असतील अंकल."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दोघी एमआरटीने, इथल्या मेट्रोने गेल्या. मी वुडलँड्सच्या घरापर्यंत एकटाच गाडी चालवत आलो. आजोबांचा चहाचा कप गावच्या हॉटेलात वेगळा असायचा, बाहेर कोनाड्यात. बाप म्हणायचा, शिक आणि लांब जा. शिकलो. लांब आलो. आता आणखी किती लांब जायचं?

पुढे एकदा चाक पंक्चर झालं. घराजवळच्या गॅरेजात एक चिनी म्हातारी बसते. काम झाल्यावर तिने फडक्याला हात पुसले आणि किल्ली दोन्ही हातांनी दिली. "राइड सेफ, आ," ती इथल्या लकबीत म्हणाली. मी कोण, कुठला, याची तिला काही पडलेली नव्हती. मी हेल्मेट घातलं आणि त्याच्या आत रडलो.

पहिली सर्व्हिसिंग मात्र वॉरंटीसाठी शोरूममध्येच करावी लागते. मुलगी बरोबर होती. गाडीचं काम चोख झालं होतं, खोटं कशाला बोलू. काउंटरला तोच. किल्ली ठेवली. बोट पुढे आलं.

"हातात द्या," मी म्हणालो.

"काय फरक पडतो?"

"पडत नसेल तर द्या."

त्याने शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली.

"त्यांनी नको. तुम्ही."

आवाज चढवला नाही मी. शेवटी त्याने किल्ली उचलून माझ्या तळहातावर ठेवली. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. बापाने जन्मभर काय काय गिळलं असेल, या विचाराने फार वाईट वाटलं.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "अंकल अगेन फर्गेट, आ?"

"नाही. त्या दिवशीही विसरले नव्हते."

पार्किंगच्या कठड्यावर बसून तिला सगळं सांगितलं. आजोबांचा कप. माझी शाळा. तो नारळ. इंग्रजी पुरेना, तिथे मराठीत सांगितलं. ती माझी बाही धरून बसली. तिचं बालपण मी थोडं हिरावून घेतोय, हे मला कळत होतं. पण हे तिला कुणाच्या बोटातून कळण्यापेक्षा बापाच्या तोंडून कळलेलं बरं. आमच्यापुढे सरकवलेलं आता आमच्या घरात कुणी उचलणार नाही.