राखेच्या वर्षीची कातरणी

रोसेंदो बर्रियानं कातरलेली मेंढी कळपात लांबून ओळखू यायची, असं जगाच्या दक्षिण टोकाकडल्या सांता क्रूझच्या पठारावरची जुनी माणसं अजून सांगतात. अंगावर कातरीच्या फटक्यांची कुठं पायरी नाही, कुठं झुपका नाही, कातडीला ओरखडा नाही. अख्खी लोकर एका तुकड्यात, गोधडी बाजूला सारावी तशी उतरायची. सोळाव्या वर्षी चिलोए बेटावरून कातरकऱ्यांच्या टोळीबरोबर तो इकडं आला, तेव्हा त्याच्यापाशी एक कातर, एक घोंगडी आणि पोटात भूक, एवढंच होतं. टोळीचा कायदा एकच: अर्धवट कातरलेली मेंढी सोडायची नाही. कुणी मांडीवर झुपका राहू दिला, की जेवताना बाकीचे त्याला सोलून काढायचे. "काय रे, तिच्या नवऱ्यासाठी ठेवलंस होय?" रोसेंदोला हे कुणी कधी विचारलं नाही, आणि त्या गोष्टीची त्याला भारी घमेंड होती.

त्याची बायको ओतिलिया इथलीच. तिच्या बापानं ही जमीन सरकारकडून घेतली, तेव्हा इथल्या मूळच्या तेउएल्चे लोकांच्या चुलींचे दगड अजून काळे होते. ती माणसं कुठं गेली हे कुणी विचारलं नाही. तारा ठोकल्या, मेंढ्या सोडल्या आणि सगळे मालक झाले. पहिली काही वर्षं मेंढ्यांनी गवत खाल्लं, पुढं गवताची मुळं खाल्ली. रोसेंदो घरजावई झाला तेव्हा कळप हजारांत होता. मग वारा माती उडवायला लागला, लोकरीला कुत्रं विचारेना, आणि शेजारीपाजारी दारांवर फळ्या ठोकून किनाऱ्याला निघून गेले. ह्या दोघांकडं शंभरेक मेंढ्या उरल्या, पण झाडून सगळ्या गाभण. पोटी लेकरू नव्हतं. जे काही पुढं होतं ते त्या मेंढ्यांच्या पोटात होतं.

एक्क्याण्णव सालचा ऑगस्ट, म्हणजे आमच्याकडं ऐन हिवाळा. सरहद्दीपलीकडचा ज्वालामुखीचा डोंगर फुटला आणि भरदुपारी घरात दिवा लावायची वेळ आली. आभाळ मोकळं झालं तेव्हा पठारावर घोट्याच्या वर राख. कुंपणाच्या कडेनं तर तारा बुडालेल्या. राख मेंढ्यांच्या लोकरीत शिरली, त्यावर दव गोठलं आणि अंगावर सिमेंट थापल्यागत झालं. बसलेली मेंढी उठेना. उठलेली दोन पावलं टाकून पुन्हा बसायची.

गावातून ड्रागो ट्रक घेऊन आला. आसपासची उरलीसुरली माणसं तोच गोळा करत होता.

"चला आजोबा. रविवारी माझी शेवटची फेरी. पुढं मी येत नाही, इंजिनाला दमा झालाय."

"मेंढ्या घेशील?"

"माणसं घेतोय. मेंढ्या कुठं बसवू, मांडीवर?"

"मग मी येत नाही. माझ्या मेंढ्या उभ्या राहिल्या की मीही राहिलो."

"आणि नाही राहिल्या तर?" ओतिलियानं दारातून विचारलं.

ड्रागो रविवारी येतोच म्हणून निघून गेला.

दोघं चुलीपाशी बसली. नळीनं माते, म्हणजे इकडचा कडू पाल्याचा चहा, ओढता ओढता रोसेंदो म्हणाला, "कातरतो. ओझं उतरलं की उठतील."

"ह्या थंडीत? नागव्या करून?"

"शेडमध्ये कोंडू. चारा आहे थोडा."

"म्हाताऱ्या, माझं ऐक. राखेची तेवढी वरवरची लोकर काप. दोन बोटं तरी अंगावर राहू दे. होईना का ओबडधोबड."

"ओबडधोबड?" रोसेंदोला रागच आला. "मेंढी आहे ती, झुडूप नव्हे. असली मेंढी माझ्या हातून सुटली तर मेलेले कातरकरी उठून हसतील."

"हसू देत. तेवढेच शेजारी येतील."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो बसला. राखेनं कातरीची धार खाल्ली, एकेका मेंढीमागं दगडावर घासावी लागायची. डोळे लाल, घसा खरवडलेला. तरी हात मात्र जुन्याच वळणानं चालत होता, कातडीलगत, सफाईदार. दोन बोटं सोडून कापायचं त्यानं एकदा करूनही पाहिलं, अगदी खोटं नाही. पण पायरी दिसली आणि त्याला राहवेना. पुन्हा कातर फिरवून त्यानं ती मेंढी गुळगुळीत केली. जित्याची खोड, दुसरं काय.

ओतिलियानं स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि कोपऱ्यात बसून चार मेंढ्या आपल्या हातानं कापल्या. एकीकडं झुपका, एकीकडं खड्डा, उंदरांनी कुरतडल्यासारख्या.

रोसेंदो किती दिवसांनी हसला. "ह्यांना बाहेर सोडू नकोस, गिधाडं बिचकतील. आण इकडं, नीट करतो."

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "ह्या मी कापल्यात."

शनिवारी शेवटची मेंढी झाली आणि ऊन पडलं. दार उघडल्याबरोबर मेंढ्या उठल्या, चालल्या, त्यातली एक तर चक्क उडी मारून बाहेर गेली. रोसेंदोला इतका आनंद झाला की तो राखेतच खाली बसला. "राहिलो गं म्हातारे," तो म्हणाला. ओतिलियानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिलाही क्षणभर खरं वाटलं.

अंधार पडायच्या आत मेंढ्या पुन्हा शेडमध्ये घेतल्या. मग वारा दक्षिणेला फिरला. आमच्याकडचा दक्षिणेचा वारा पत्र्याच्या भिंतींना भीक घालत नाही.

सकाळी रोसेंदोनं दार ओढलं. मेंढ्या उबेसाठी एकमेकींवर चढून कोपऱ्यात साचल्या होत्या. खालच्या गुदमरल्या होत्या, वरच्या गारठल्या होत्या. तो एकेकीच्या पोटाला हात लावत गेला. सगळी अंगं गुळगुळीत. कुठंही पायरी नव्हती, कुठंही झुपका नव्हता.

पलीकडच्या भिंतीला चार मेंढ्या उभ्या होत्या. कुरतडलेल्या.

ओतिलिया मागं येऊन थांबली. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही; त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं रोसेंदोला जन्मभर वाटत राहिलं. निदान तिच्याशी भांडता आलं असतं.

ड्रागो आला, शेडमध्ये डोकावला आणि टोपी काढून उभा राहिला. मग त्यानं त्या चौघींना उचलून ट्रकमध्ये ठेवलं. पण गावात चाऱ्याची काडी नव्हती, आणि राख चावून मेंढ्यांचे दात हिरड्यांपर्यंत झिजलेले. थोड्याच दिवसांत त्या कुणाच्या तरी चुलीवर गेल्या. पठारावरच्या घराला फळ्या ठोकायलाही कुणी परत गेलं नाही.

गावात रोसेंदो आधी छपरांवरची राख लोटायचा, पुढं शाळेत झाडू मारायला लागला. कातरणीच्या हंगामात टोळ्या यायच्या, त्याचं नाव ऐकून कातरायला येतोस का म्हणून विचारायच्या. "हात गेले," एवढंच तो सांगायचा. हात चांगले धडधाकट होते.

त्याचे केस ओतिलिया कापायची, त्याच स्वयंपाकघरातल्या कात्रीनं. एकीकडं झुपका, एकीकडं खड्डा. पोरं हसायची. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला बघवेना. "या आजोबा, फुकट नीट करून देतो."

रोसेंदो दोन्ही हातांनी डोकं झाकायचा. "हात लावू नकोस," तो म्हणायचा. "हे तिनं कापलेत."