मऊ चकती

कारखान्यात तिला सगळे धास्तीताई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. ती रागवायची नाही, कारण नाव काही खोटं नव्हतं. कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघणारी, अर्धा जिना उतरून शेगडी बंद आहे ना म्हणून परत वर जाणारी बाई ती. नवरा म्हणायचा, "अगं, ते कुलूप एक दिवस तुटणार आहे. चोर न येताच."

अशा बाईच्या वाट्याला काम काय यावं? आधी ती शिलाई मशीनच्या सुट्या भागांची डिझाइनं करायची. तिथे चुकलं तर फार तर टाका सुटायचा. मग कारखान्याच्या मालकांनी धंदा बदलला, आणि ती माणसाच्या डोक्यावर बसवायचं कडं आखू लागली.

कडं प्लास्टिकचं, मुठीएवढं. काही औषधं अशी असतात की ती पोटातून किंवा रक्तातून मेंदूपर्यंत पोचतच नाहीत, वाटेतच अडवली जातात. मग कवटीला बारीक भोक पाडून केसासारख्या सुईने ती थेट आत, नेमक्या जागी, थेंबाथेंबाने सोडावी लागतात. ती जागा मोहरीएवढी. तिच्या आजूबाजूला काय काय असतं ते धास्तीताईने एकदा पुस्तकात पाहिलं होतं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं. कडं बारीक स्क्रूंनी कवटीच्या हाडाला आवळायचं, आणि सुईला वाट दाखवणारी नळी त्यात बसायची. पेशंटला स्कॅनच्या यंत्रात झोपवून फोटो काढायचे, कड्याच्या दोन चाव्या फिरवून नळीचा रोख जमवायचा, आणि मगच सुई आत.

मोठ्या माणसांवर कडं नीट चाललं होतं. मग हॉस्पिटलातून फोन आला की या वेळी पेशंट लहान मुलगी आहे, कडं डोक्यावर बसतंय का ते येऊन बघा.

मुलगी आईच्या मांडीवर होती. वय शाळेत जायचं, पण मान अजून धरत नव्हती. जन्मापासून मेंदूत एक रसायन तयार होत नव्हतं, त्यामुळे हातपाय तिचं ऐकत नव्हते. डोळे मात्र सगळीकडे फिरत होते. धास्तीताईने नुसतं कडं डोक्यावर टेकवलं तशी ती कळवळली. तिची कातडी इतकी नाजूक होती की उशीच्या शिवणीचाही वळ उठायचा.

"ताई, हे घट्ट आवळणार ना?" आईने विचारलं. "जरा कमी टोचेल असं काही नाही का करता येणार?"

"बघते," धास्तीताई म्हणाली.

आणि तिने खरंच बघितलं. कड्याच्या खाली बसेल अशी रबरासारखी मऊ चकती तिने आखली. प्लास्टरच्या कवटीवर कडं चकतीसकट आवळून अर्धा दिवस ठेवलं, पुन्हा पुन्हा मोजलं. तसूभरही हललं नाही. मालकांनी सही केली, डॉक्टरांनी मान डोलावली. त्या आठवड्यात धास्तीताईला गाढ झोप लागली, आणि नवऱ्याला त्याचंच नवल वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी ती आणि मालक काचेच्या अलीकडच्या खोलीत, पडद्यासमोर बसले. पलीकडे यंत्रात मुलगी भुलीखाली. कडं बसलं, फोटो आला, डॉक्टरांनी चाव्या फिरवल्या, पडद्यावरची नळीच्या रोखाची रेघ बरोबर त्या जागेच्या ठिपक्यावर आली. सगळ्यांनी श्वास सोडला.

सुई घालण्याआधी आणखी एक फोटो काढायचा असतो. त्यात रेघ ठिपक्यापासून जराशी बाजूला दिसली.

"थोडं फिरवतो," डॉक्टर म्हणाले. फिरवलं, जमलं. पुढच्या फोटोत रेघ पुन्हा बाजूला, आणि त्याच बाजूला.

"एवढं चालतं," स्पीकरमधून डॉक्टरांचा आवाज आला. "सुई घेतो आता."

काय होतंय ते धास्तीताईला कळलं होतं. प्लास्टरची कवटी थंड असते. जिवंत माणसाचं डोकं गरम असतं. त्या उबेने चकती हळूहळू दबत होती, एका अंगाने जास्त. औषध जायला काही तास लागणार. तेवढा वेळ चकती दबत राहणार, कडं कलत राहणार, आणि मेंदूत शिरलेली सुई त्याच्याबरोबर ओढली जाणार. तिला पुस्तकातलं ते पान दिसलं. काचेपलीकडे डॉक्टरांनी हात पुढे केला, आणि नर्सने त्या हातात सुईचं पाकीट ठेवलं.

तिने उठून माइकचं बटण दाबलं. "डॉक्टर, थांबा."

"का?"

"कडं सरकतंय. अजून सरकेल. खालची चकती दबतेय." मालकांनी तिचा दंड धरला. "ताई, चार लोकांसमोर काय बोलताय?" ते कुजबुजले. बटण तिने सोडलं नाही. "चकती माझी आहे, डॉक्टर. मीच घातली. ती काढावी लागेल."

पलीकडे डॉक्टर काचेकडे वळले. मास्कवरचे डोळे रागाने लाल झाले होते.

"म्हणजे स्क्रू काढायचे आणि नव्या जागी पुन्हा घालायचे? या एवढ्याशा हाडात?"

"हो. जुन्या भोकांत ते आता घट्ट बसणार नाहीत."

त्यांनी भूलतज्ज्ञ बाईंकडे पाहिलं. "वेळ आहे," त्या म्हणाल्या, "पण घोळ घालू नका."

पोरीच्या पातळ हाडात पहिली भोकं होतीच, आता शेजारी नवी. डॉक्टर एकेक स्क्रू फिरवत होते, आणि प्रत्येक आट्याला धास्तीताईला हाड तडकल्याचा भास होत होता. तडकलं नाही. फोटो आला, रेघ ठिपक्यावर. पुन्हा काढला, तिथेच. मग सुई गेली. पडद्यावर औषधाचा पांढरा डाग शाई टीपकागदावर पसरावी तसा पसरू लागला, हव्या त्या जागी. मालक खुर्चीत मागे रेलले. ती शेवटपर्यंत उभीच होती. बसले तर काहीतरी बिघडेल असं तिला वाटत होतं.

बाहेर डॉक्टरांनी आईला एवढंच सांगितलं की थोडा उशीर झाला, बाकी ठीक. मालक म्हणाले, "चला, सुटलो." पण धास्तीताईचा पाय निघेना. ती आईसमोर जाऊन उभी राहिली.

"तिच्या डोक्याला हवी त्याच्या दुप्पट भोकं पडलीत," ती म्हणाली. "माझ्यामुळे. कमी टोचावं म्हणून चकती घातली, आणि ती चुकली."

हळूहळू आईचा चेहरा पांढरा पडला.

"मीच म्हटलं होतं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "टोचू देऊ नका म्हणून मीच म्हटलं होतं."

या उत्तराची भीती धास्तीताईला सुचलीही नव्हती. ती घाईघाईने आईच्या शेजारी बसली. "नाही हो. तुम्ही आई आहात, तुम्ही म्हणणारच. मोजायचं काम माझं होतं. गरम डोक्यावर मोजायला हवं होतं, मी थंड प्लास्टरवर मोजलं."

आई उठून गेली नाही. दोघी मुलीला बाहेर आणेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

पुढचे काही आठवडे फोन वाजला की धास्तीताई हातातलं काम टाकून धावायची. मुलीला एकदा ताप चढला, तेव्हा तिने दर तासाला हॉस्पिटलात फोन केला. ताप साधा निघाला. काही महिन्यांनी कळलं की मुलगी मान धरू लागली आहे, चमचा मुठीत पकडते, हाक मारली की वळते. चालत नाही. चालेल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत.

धास्तीताईने राजीनामा लिहून दिला होता. मालकांनी तो खिशात घातला आणि विषयच काढला नाही. तिने मग कारखान्याच्या कोपऱ्यात कोमट पाण्याची टाकी बसवून घेतली. आता प्रत्येक कडं त्यात बुडवलेल्या कवटीवर आवळून तपासलं जातं. पोरं म्हणतात, ताईंनी न्हाणीघर काढलंय. ती हसते आणि पाण्यात थर्मामीटर घालते.

टाकीत तपासलेल्या कड्याचा पहिला पेशंट एक म्हातारे गृहस्थ होते, हात कापायचा आजार झालेले. यंत्रात जाण्याआधी त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"हे बनवणाऱ्या तुम्हीच का? मला भीती वाटतेय हो."

"मलाही वाटते," ती म्हणाली.

म्हातारबुवा चमकले. मग म्हणाले, "असं कुणी सांगतं का पेशंटला?" आणि हसू लागले. हसताना त्यांचा हात जास्तच कापत होता. नर्सने खाट यंत्रात ढकलली, आणि धास्तीताई काचेअलीकडच्या खोलीत जाऊन पहिल्या फोटोची वाट बघत उभी राहिली.