हत्तीची उरलेली अर्धी दाढ

दगड जमवणाऱ्याच्या घरात प्रत्येक दगडावर नंबर असतो, त्यामुळे दगड मोजता येतात. किस्स्यांवर नंबर टाकायचं कुणाला सुचत नाही, आणि ते वाढत जातात! माझ्या कपाटात दगड आहेत एकूण सत्तेचाळीस. पण आमचं मंडळ चहाला बसलं की दोन दगडांची गोष्ट सांगेपर्यंतच दूध संपतं.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. शेषरावकाकांनी वीस वर्षं गिट्टीच्या क्रशरवर काढली. सिद्धार्थ बोअरच्या गाडीवर आहे. वंदनाताई कळमनुरीला शाळेत विज्ञान शिकवतात. चौथी मी, प्रज्ञा, जर्मनीत सहा वर्षं दगडांचं शिक्षण घेऊन परत आलेली. आम्ही स्वतःला 'जीवाश्म अभ्यास गट' म्हणतो. गाव आम्हाला 'दगडं येचनारे' म्हणतं.

परत का आले, हे सगळे विचारतात. तर तोच किस्सा आधी.

*

जर्मनीत हॉलभर टेबलं मांडून जीवाश्मांचं प्रदर्शन भरतं. दगड झालेले मासे, शिंपले, हाडं. बघा, हाताळा, आवडलं तर विकत घ्या. माझा संग्रह तिथंच सुरू झाला. एका वर्षी एका टेबलावर हत्तीची दाढ दिसली, दगड झालेली. लेबलवर एकच शब्द: इंडिया.

मी विचारलं, "इंडियात कुठं?"

त्या गृहस्थानं फार प्रेमानं उत्तर दिलं, "खाली. उन्हाच्या बाजूला."

त्याच महिन्यात मी सामान बांधलं!

*

पहिल्याच उन्हाळ्यात डोंगरकडा गावाच्या शिवारात एका ओढ्याच्या काठी, खड्यांमध्ये ती सापडली. अर्ध्या विटेएवढी. अंगावर कपडे धुवायच्या फळीसारखे आडवे कंगोरे. हत्तीची दाढ! पण अर्धीच.

बाकी सगळा दगड काळपट होता, मोडलेली बाजू मात्र पांढरट, कोरी. हजारो वर्षं अख्खी राहिलेली वस्तू कुणीतरी आत्ता-आत्ता फोडली होती. म्हणजे दुसरी अर्धी जवळपासच असणार.

शेषरावकाकांनी मोडीवरून अंगठा फिरवला. "पहारीचा घाव हाये, मॅडम. हे मानसाचं काम."

ती माझ्या संग्रहात गेली, नंबर एक्केचाळीस. लेबलवर मी नाव, गाव, शिवार, ओढा, सगळं लिहिलं आणि जाहीर केलं, "जोडी मिळाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही!"

काका म्हणाले, "आमच्या पोराचं लगीन बी असंच अडून राहिलंय."

*

मग मी एक चूक केली. दाढेचा फोटो काढला आणि तालुक्यातल्या यच्चयावत व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकला. 'हत्तीची दाढ. अर्धी आमच्याकडे आहे. उरलेली कुणाकडे असल्यास तातडीनं कळवा.'

पहिलं उत्तर आलं, 'लवंग धरा. आराम पडेल.'

दुसरं आलं, 'माझ्या सासऱ्याची पण अर्धीच राहिली आहे.'

तिसरं मात्र हिंदीत होतं. 'मॅडम, बढ़िया पीस है. अब मैं भी ढूँढता हूँ.'

हा आमचा जॅकेटवाला. मे महिन्यातसुद्धा अंगात खिसेच खिसे असलेलं जॅकेट. टेम्पो घेऊन गावोगाव फिरतो, लोकांच्या दारातले दगड विकत घेतो आणि बाहेर पाठवतो. एकदा त्याच्या टेम्पोत चढलेला दगड पुन्हा कधी जिल्ह्यात दिसलेला नाही. आणि काय शोधायचं ते त्याला फोटोसकट मीच कळवलं होतं!

*

आता घाई करणं भाग होतं. सिद्धार्थ म्हणाला, "ताई, फोटोवरून लोकायला काही कळून नाही राहिलं. खरीच घेऊन फिरतो." त्यानं दाढ पिशवीत घातली आणि मोटरसायकलवर गावं पालथी घालायला लागला.

तिसऱ्या दिवशी नाक्यावर त्याला अडवलं.

"काय हाये पिशवीत?"

"हत्तीचा दात."

आता आपल्याकडं हत्तीचा दात म्हणजे काय, हे मी सांगायला नको. दहा मिनिटांनी सिद्धार्थ चौकीच्या बाकावर, पिशवी टेबलावर, आणि हवालदार वनखात्याला फोन लावून राहिलेले! मी धावतपळत पोचले. दाढ जप्त झाली तर पुन्हा तेच होणार होतं: लेबलवर एकच शब्द, 'मुद्देमाल'.

मी बसून सगळं सांगितलं. दात नाही, दाढ. हस्तिदंत नाही, दगड. हवालदारांनी दाढ उलटीपालटी केली.

"हत्ती मेला कवा?"

"हजारो वर्षं झाली, साहेब."

"आपोआप का घातपात?"

बाकावरून सिद्धार्थ घाईघाईनं उठला. "साहेब, आपण तवा गावातच नव्हतो!"

दाढ परत मिळाली, पण त्या दिवसापासून मंडळात 'दात' शब्दाला बंदी आहे.

*

मंडळानं आपल्याकडंही दगडांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. त्याच्या चार दिवस आधी खबर आली. डोंगरकड्याच्या अलीकडं एका घरी आडव्या रेघांचा काळा दगड आहे. आम्ही चौघं काकांच्या पुतण्याच्या रिक्षात बसलो. रस्त्यात समोरून टेम्पो आला. आत जॅकेटवाला. त्यानं आम्हाला हात केला!

वंदनाताईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, ते घर येईपर्यंत सोडलं नाही.

अंगणात बाई धान्य निवडत होती. मी विचारलं, "मावशी, तो रेघांचा दगड..."

"गेला की! आत्ताच नेला त्या जाकिटवाल्यानं. पैसे दिले, पाया बी पडला."

मी ओट्यावर बसूनच गेले. काकांनी मात्र विचारलं, "रेघा कशाच्या व्हत्या, बाई?"

"टाकीच्या, छिन्नीनं मारलेल्या. आमच्या जात्याची तळी व्हती ती, फुटकी. चार वर्सं झाले, उकिरड्यावर पडून व्हती."

परत येताना आम्ही रिक्षात इतके हसलो की पुतण्यानं गाडी बाजूला घेतली. पण मला एक गोष्ट कळली होती. तो आता घराघरांत विचारून राहिला होता.

*

प्रदर्शन भरलं वंदनाताईंच्या शाळेत, बाजाराच्या दिवशी. माझे सगळे दगड, मंडळाचे इतर, आणि लोकांनी घरून आणलेले. प्रत्येकाच्या लेबलवर गाव आणि शोधणाऱ्याचं नाव, ही माझी अट. मधल्या टेबलावर नंबर एक्केचाळीस, आणि तिच्या शेजारी मुद्दाम मोकळी सोडलेली जागा.

सकाळीच एक शेतकरी अख्खं कुटुंब घेऊन आला. बायको, आई, दोन मेहुणे. त्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेला गोल दगड होता. "डायनासोरचं अंडं हाये, मॅडम. नांगरताना निघालं."

पाहताक्षणी कळलं, ते अंडं नव्हतं. काळ्या दगडाच्या पोकळीत तयार झालेला गारेचा गोळा होता. सगळं कुटुंब माझ्या तोंडाकडं बघत होतं. आई तर हात जोडून. खोटं बोलणं मला जमत नाही आणि खरं बोलायला तोंड उघडत नव्हतं. शेवटी एका दमात बोलून टाकलं, "दादा, हे अंडं नाही."

तो सावकाश बायकोकडं वळला.

"ऐकलं का? दोन महिने झाले, खुडूक कोंबडी याच्यावर बसवून ठिवली हिनं!"

बायको म्हणाली, "तरी म्या म्हनत व्हते, कोंबडी काहून नाराज हाये!"

गोळा आम्ही ठेवून घेतला. गावाच्या नावासकट.

*

मग माझं भाषण. मी पाच मिनिटं बोलणार होते, वीस मिनिटं बोलले. ते जर्मनीतलं लेबल डोळ्यांपुढं आलं की मला थांबता येत नाही. "दगडालाही गाव असतं! ज्या मातीत जे सापडलं, ते त्या मातीचं! कुणी कितीही पैसे देऊ दे, जिथलं आहे ते तिथंच राहिलं पाहिजे!"

लोकांनी बाहेरून आत यावं म्हणून वंदनाताईंनी एक भोंगा थेट बाजाराकडं तोंड करून बांधला होता. हे मला माहीत नव्हतं. भाषण संपता संपता एक भाजीवाला दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, तुमचं समदं बराबर हाये. पन जरा हळू बोला ना! मेथीचा भाव सांगून राहिलो, तं गिऱ्हाईकाला हत्ती ऐकू येऊन राहिला!"

*

दुपारी जॅकेटवाला आला. सरळ मधल्या टेबलाशी गेला, मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मिल गया."

हातातलं काम टाकून मी त्याच्याकडं वळले.

"चार बजे आ रहा है. माल लेकर बुढ़िया खुद यहीं आएगी, बाजार से. आपका वाला भी दे दीजिए. जोड़ी का भाव अलग होता है."

"मिळणार नाही," मी म्हणाले.

"सोच लीजिए," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून तिथंच बसला.

आम्ही चौघं कोपऱ्यात जमलो. त्याच्याकडं पाकीट होतं. आमच्याकडं काय होतं? चहा आणि तत्त्व. सिद्धार्थ म्हणाला, "टेम्पोच्या टायरातली हवा सोडू का?" वंदनाताई म्हणाल्या, "शाळेच्या आवारात नको." काका दारात जाऊन उभे राहिले.

चारला पाच मिनिटं कमी असताना ती आली. गयाबाई, डोंगरकड्याच्या वस्तीवरची. सत्तरीची, काटक. डोक्यावर बाजाराची पाटी, काखेत पिशवी. तिनं पाटी उतरवली, पिशवीतून लुगड्याच्या फडक्यातलं गाठोडं काढलं आणि सोडलं.

तेच कंगोरे. फक्त वरून घासून घासून आरशासारखे झालेले.

"आमच्या न्हाणीतली वजरी हाये," ती म्हणाली. "टाचा घासायची. अख्खी लई थोर व्हती, न्हाणीत बसंना. म्हून मालकानं पहारीनं दोन केली. एक ठिवली, एक वढ्यात टाकली."

काकांनी दारातून माझ्याकडं पाहिलं.

जॅकेटवाल्यानं हात पुढं केला. गयाबाईनं त्याच्या हातावर हलकेच चापट मारली. "थांब की, भाऊ. आधी बघू तं दे." तिनं आपला तुकडा माझ्या तुकड्याला लावला. खट्! मधली रेघसुद्धा दिसेना. हजारो वर्षांची दाढ, माझ्या टेबलावर, अख्खी!

जॅकेटवाल्यानं पाकीट काढलं. "बोलो, माई."

"इकायची न्हाई."

"अरे! बात हुई थी ना?"

"झाली व्हती. इकायलाच आनली व्हती. पन सकाळी बाजारात बसले, तं भोंग्यावर एक बाई सांगून राहिली व्हती. कुनी कितीबी पैसे दिऊ दे, जिथलं तिथंच राह्यलं पाह्यजे. मला पटलं." ती माझ्याकडं वळली. "तूच ना ती?"

"हो!" माझे डोळे भरून आले होते. वंदनाताई तर रडतच होत्या. जॅकेटवाला उठला, पण गेला नाही, तिथंच उभा राहिला. मी म्हणाले, "गयाबाई, तुमचं नाव मी मोठ्या अक्षरात लिहिते. दोन्ही तुकडे इथं..."

"तुझी कुठं घावली, पोरी?"

मी लेबल वाचलं. "शिवार डोंगरकडा. ओढ्याचा काठ."

"व्हय. तो वढा आमच्या वावराला लागूनच हाये."

तिनं आपला तुकडा फडक्यात ठेवला. मग माझा ठेवला. गाठ मारली. माझा हात अजून लेबलवरच होता. जॅकेटवाला पहिल्यांदाच मोकळेपणानं हसला.

"ती चिठ्ठी बी दे," गयाबाई म्हणाली. "तिच्यात गावाचं नाव हाये."

मी लेबल दिलं. सिद्धार्थनं पाटी तिच्या डोक्यावर चढवली. काका दारातून बाजूला सरकले. उंबऱ्यावर थांबून तिनं मागं पाहिलं.

"तोंड काहून पाडलंस, लेकरा? ये की कवाबी! आता दोन हायेत. एकीवर तू घास, एकीवर मी!"