बिनगवताची जागा

गोचीड गवतात असतात म्हणून विसाव्याला मी मुद्दाम बिनगवताची जागा निवडली. मोहाच्या सावलीत, साफ तुडवलेली. जिल्ह्याचे चार तुकडे झाले होते. आमचं गाव नव्या जिल्ह्यात गेलं, पण मुलीच्या जातीच्या दाखल्याचा जुना कागद आदिलाबादेतच राहिला. तीन खेपा झाल्या, दर वेळी साहेब म्हणाला, "उद्या या." कॉलेजात तो दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता. म्हणून भर मे महिन्यात आम्ही नवराबायको मोटरसायकलवर जंगलातून निघालो होतो. पॅन्ट मोज्यात खोचून मी तज्ज्ञ दिसत होतो.

बायको म्हणाली, "अवं, इथं ढोरं बसतेत. शेण दिसून नाही राह्यलं काय?"

"तुला काय समजते?" म्हणत मी चादर टाकून आडवा झालो. ती उभ्यानंच भाकर खाऊन मोकळी झाली.

कचेरीत साहेबापुढे उभा राहिलो आणि कमरेशी वळवळ सुरू झाली. मी खाजवू लागलो. कमरेवरून एक टपोरा गोचीड टेबलावर पडला. "उद्या या" म्हणायला उघडलेलं साहेबाचं तोंड मिटलं. कागद लगेच मिळाला.

बाहेर व्हरांड्यात बायकोनं पिशवीतल्या चिमट्यानं उरलेले गोचीड सरळ ओढून काढले आणि म्हणाली, "तीन खेपा तुमी नुसते हात जोडून आले. ह्यायले पहिल्याच खेपेला आणाले पायजे होतं."