पट्टीसाठी मागितलेली माफी

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मुर्री गावाजवळच्या नाल्यात आमची धानाची गाडी उलटली आणि माझ्या नवऱ्याच्या नडगीवरून चाक गेलं. हाड वाचलं, पण मांस पार फाटलं. गोंदियाच्या दवाखान्यात टाके घातले आणि मोठ्या वॉर्डात खाट मिळाली.

नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जखम साफ आहे, ती साफच राहिली पाहिजे. साबणानं हात धुतल्याशिवाय कोणी पायाला हात लावू नका. खाटेवर बसू नका. पट्टी सोडून पाहू नका. ताप चढला किंवा वास यायला लागला, तर लगेच मला बोलवा."

मी ते पक्कं धरलं. खाटेजवळ पाण्याची बादली आणि साबणाची वडी ठेवली. भेटायला आलेल्या प्रत्येकाला आधी बादली दाखवायची. लोकांना राग यायचा. सासूबाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

"माह्या पोराले हात लावाले मले साबण लागते का वो?"

"नर्सबाईनं सांगतलं जी, आत्याबाई."

त्यांनी हात धुतले, पण लेकाला हात न लावताच लांब बसून राहिल्या आणि तशाच गावी गेल्या.

पट्ट्या बदलणारा माणूस साऱ्या वॉर्डाला एकच होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या पाठीला मोठं गळू झालं होतं. त्यातला पू काढून पट्टीवाल्यानं फडक्याला हात पुसले आणि तसाच तो आमच्या पट्टीची गाठ सोडू लागला. मी बादली पुढं सरकवली.

"भाऊ, हात धुता का जी?"

तो थांबला. आजूबाजूचे सगळे आमच्याकडे पाहू लागले.

"हमको सिखाती हो? फिर खुद कर लो."

अर्धी सुटलेली पट्टी तशीच टाकून तो पुढच्या खाटेकडे गेला. दुसऱ्या दिवशीही आला नाही. नर्सबाई रजेवर होत्या. दुसऱ्या कोणाला सांगावं, ते मला कळेना. नवरा म्हणाला, "माफी माग त्याची. पाय माहा आहे, तुहा नाही."

मी वॉर्डाच्या दारात उभी राहून त्याला हात जोडले. तो आला, पट्टी बदलून गेला. त्या वेळीही हात धुतले नाहीत. मी नुसती त्याच्या बोटांकडे पाहत राहिले.

पुढं ताप चढला, मग वास येऊ लागला. नर्सबाई परत आल्याबरोबर मी त्यांना ओढतच खाटेपाशी आणलं. पट्टी सोडताच त्यांचा चेहरा उतरला. सुया झाल्या, डॉक्टर येऊन गेले. शेवटी पाय गुडघ्याखाली कापला.

नांगर धरणारा माणूसच बसला, म्हणून ठेक्यानं केलेली जमीन मालकानं दुसऱ्याला दिली. मी परक्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला जाऊ लागले. नवरा दिवसभर खाटेवर असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "हिनं त्या पट्टीवाल्याले दुखवलं. त्यानं डाव धरला."

एकदा मला राहवलं नाही. "त्यानं डाव नाही धरला जी. त्याचे हात घाण होते."

"मंग मले कायले सांगून राहिली? त्याले सांगाचं होतं."

"सांगतलं होतं."

नवऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ती गोष्ट आमच्यात कधी निघाली नाही, आणि दुसरंही फारसं बोलणं उरलं नाही.