तिच्या आकृतीतला मुलगा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. एकदा बहिणीला फोन लावला होता — तिनं उचलला, आणि मी पापडाच्या पिठाचं काहीतरी विचारून ठेवून दिला. पण सांगते.

माझा नांदेडला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी — पोट त्यावर. रविवारी मात्र मी कॅमेरा घेऊन रस्त्यावर फिरायचे आणि दोन फोटो एकावर एक चढवायचे. डबल एक्स्पोजर. त्यात पहिल्या फोटोतला माणूस उजेडासमोर काळा दिसला पाहिजे. दुसरा फोटो त्या काळ्या जागेतच उमटतो. बाईच्या आकारात भाजीबाजार, म्हाताऱ्याच्या डोक्यात एसटी स्टँड. लोक थांबून बघायचे, वा म्हणायचे. मला ते फार आवडायचं — नको तितकं.

लातूरला एका लग्नाच्या कामाला गेले होते. सकाळी क्लासच्या गल्लीत एक मुलगी बाजूनं उभी होती, मागं पांढरं आभाळ. नाक, वेणी, सॅकला लोंबणारा लोकरीचा गोंडा — सगळं काळं, रेखीव. न विचारता फोटो घेतला. रस्त्यावर कोण विचारत बसतं? पुढं कधीतरी नांदेडला रिक्षा स्टँडवर एक तरुण रिक्षावाला मागं वळून हसत होता, त्याला टिपलं. घरी कॉम्प्युटरवर तिच्या आकृतीत त्याचा चेहरा बसवला. असा बसला, की मी खुर्चीतून उठले. नाव दिलं — ‘मनातलं’.

इथपर्यंत गुन्हा नव्हता ना? मी स्वतःला कितीदा विचारलंय.

तो फोटो मी एका स्पर्धेला पाठवला. नियम असा होता की दोन्ही फोटो एकाच जागी, लागोपाठ, कॅमेऱ्यातच घेतलेले हवेत. कॉम्प्युटरवर जोडलेला चालणार नाही. मी लिहून दिलं — लातूर, क्लासची गल्ली, एकामागोमाग. कुणाचं काय बिघडणार होतं? पहिला नंबर आला. फोटो प्रदर्शनात लागला आणि मग, खाली माझं नाव आणि मी लिहून दिलेल्या ओळीसकट, लोकांच्या मोबाईलवर फिरला.

आणि एका दुपारी त्या मुलीचे वडील दुकानात आले. लोह्याकडचे शेतकरी, टोपी काढून हातात धरलेली. मोबाईलवर माझाच फोटो. कुण्या पाहुण्यानं पाठवलेला. चेहरा काळा असला म्हणून काय झालं, बापाला लेकीचं नाक ओळखू येतंच. शिवाय तो गोंडा तिच्या आईनं केलेला.

“ताई, पोरगी रिपीटर हाय, डाक्टरकीची परीक्षा दुसऱ्यांदा देऊन राहिली. ती म्हणती, ह्या पोराला वळखतच न्हाई. तुम्ही बाईमाणूस, तुम्ही खोटं कशाला बोलताल? एवढंच सांगा — हे पोरगं तिथंच होतं का?”

दोन्ही मूळ फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्ये होते, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. दोन गावं, दोन तारखा. दाखवायचे, बस्स. पण फोटोवाल्यांचं जग केवढंसं? संध्याकाळपर्यंत सगळीकडं झालं असतं — बक्षीस खोटं, बाई खोटी. मला भीती वाटली, आणि ती तिच्यासाठी नव्हती.

मी म्हटलं, “हो. तिथंच होता.”

त्यांनी मोबाईल खिशात ठेवला, टोपी डोक्यावर घातली. मग मला नमस्कार केला. मला — नमस्कार.

त्यांनी तिचा क्लास बंद केला, लातूरची खोली सोडवली. हे मला त्यांनीच सांगितलं, तिच्या लग्नाच्या फोटोंचं काम द्यायला आले तेव्हा. खरं बोलणारं माणूस म्हणून माझ्याकडंच आले होते. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं तर त्यांना शंका येईल, असं वाटलं — बघा, तेव्हाही मी स्वतःलाच सांभाळत होते. गेले.

हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेल्या, ती खिडकीपाशी बसली होती. खोलीत आम्ही दोघीच. तिनं हळूच विचारलं, “ताई, तो पोरगा कोण हाय? मी लई आठवून बघितलं. मला तर त्याला कधी बघितल्यालं आठवत न्हाई.”

रागानं नाही विचारलं. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांनी इतक्यांदा सांगितल्यावर तिला आता स्वतःचीच खात्री राहिली नव्हती. ती खरंच आठवून बघत होती, कपाळाला आठ्या घालून. मी सांगू शकत होते. दार लोटलेलं होतं, ऐकायला कुणी नव्हतं.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हटलं, “मान जरा वर घे.”

तिनं घेतली.