मढ्याच्या बाई

आमच्या इंग्रजीच्या बाईंच्या तासाला दर शनिवारी कुणी ना कुणी मरायचं. कोल्हापुरातली आमची मुलींची शाळा. शनिवारी सकाळची भरायची आणि शेवटचा तास बाईंचा असायचा. पाठ्यपुस्तकात एलिझाबेथ राणीच्या काळातल्या एका नाटकाचा जेमतेम दीड पानाचा तुकडा होता. बाईंचं तेवढ्यावर भागत नसे. त्या काळातली नाटकं त्या आम्हाला मराठीत सांगायच्या, आणि मग बाकं मागं सरकवून आमच्याकडून करून घ्यायच्या. कट, विष, तलवारी, सूड. तास संपेपर्यंत फरशीवर दोन-तीन मुली आडव्या पडलेल्या असत. शेजारच्या वर्गानं त्यांचं नाव ‘मढ्याच्या बाई’ ठेवलं आणि ते शाळाभर झालं. बाईंना ते ठाऊक होतं. “असू दे, मढ्याला कोण भितंय?” म्हणायच्या.

संवाद आमचे आम्हीच जुळवायचो. विषाचा पेला घेऊन आलेली राणी एकदा म्हणाली, “राजं, पिऊन घ्या की, गार व्हाय लागलंय.” राजा हसत हसतच मेला. बाईही पोट धरून हसल्या. मग मात्र राणीला म्हणाल्या, “हे झ्याक केलंस. मारायला येणारा ओरडत येत नाही गं, मुजरा करत येतो. एवढं एक ध्यानात ठेवा, परीक्षेत नाही आलं तरी चालेल.” बाई मूळच्या शाहूवाडीकडच्या. एरवी पुस्तकी बोलायच्या. राग आला किंवा फार आनंद झाला की गावची भाषा तोंडात यायची.

त्या काळच्या रंगमंचाला पुढं पडदा नसायचा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळं मेलेल्याला तिथंच टाकून चालायचं नाही. जे जिवंत उरलेत त्यांनी त्याला सगळ्यांदेखत उचलून न्यायचं. म्हणून घंटा झाली तरी आमचा वर्ग सुटत नसे. चौघींनी मढं खांद्यावर घ्यायचं, व्हरांड्यातून नळापर्यंत न्यायचं, अलगद ठेवायचं आणि मगच दप्तराला हात लावायचा. एकदा शालनला एस.टी. गाठायची घाई होती. त्या दिवशी ती प्रधान झाली होती आणि राजाला तिनंच विष घातलं होतं. चौथी कुणी लवकर पुढं येईना, तेव्हा तिनंच राजाचे पाय धरले. बाई ताडकन उठल्या. “ठेव खाली! मारलंस तू आणि खांदाबी तूच देणार? मारणाऱ्यानं बाजूला हुबं ऱ्हायचं आणि बघायचं.” शालनची एस.टी. चुकली. आम्हाला बाईंचं ते जरा अतीच वाटलं.

बाईंची मुलगी नंदा आमच्याच वर्गात होती. शाळेत तीही आईला ‘बाई’च म्हणायची. नंदाचे वडील लवकर गेले होते. घर बौद्ध, तिथं मुहूर्त, पत्रिका, नवस, दृष्ट काढणं असलं काही चालत नसे, आणि मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या मुलीची बाई भर वर्गात टिंगल करायच्या. पण नंदाला त्यांनी एकदाही मरायचं काम दिलं नाही. शोकांतिका असली की नंदा दासी, नाहीतर पहारेकरी. सुखांतिका आली की मात्र नवरी तीच. त्या नाटकांत मुलगी मुलाच्या वेषात हिंडते, भलताच माणूस तिच्यावर भाळतो आणि शेवटी सगळ्यांची लग्नं लागतात. नंदा ओढणीचा पदर घ्यायची आणि आम्ही तिच्यावर खडूचा चुरा उडवायचो. “बाई, मलापण एकदा मरू द्या की,” ती वैतागून म्हणायची. “गप. तुझं लगीन हाय आज,” बाई म्हणायच्या.

खरं लग्न पुढं काही वर्षांनी झालं. कबनूरचं स्थळ, घरचे यंत्रमाग, बाईंनीच पाहिलेलं. पहिल्या दिवाळीला नंदा माहेरी आली तेव्हा तिच्या दंडावर वळ होते. आता हिला पाठवायची नाही, असं बाईंनी आम्हाला सांगितलं होतं. पण नवरा आला, बाईंच्या पाया पडला, रडला. नंदा म्हणाली, “एक डाव बघते की.” ती गेली. उन्हाळ्यात निरोप आला, पाय घसरून विहिरीत पडली म्हणून.

सरकारी दवाखान्याच्या आवारात आम्ही वर्गातल्या बऱ्याच जणी जमलो होतो. तिरडी बांधून झाली. सासरची माणसं पुढं झाली आणि नवरा खांदा द्यायला वाकला. बाई तिरडीपाशी आल्या.

“ठेव खाली.”

आम्ही सगळ्या एकदम ताठ झालो.

“मारलंस तू आणि खांदाबी तूच देणार? बाजूला हुबा ऱ्हा. आणि बघ.”

सासऱ्यानं आवाज चढवला, “विहीणबाई, त्वांड सांभाळून बोला. पाय घसरला तिचा.” बाईंचा भाऊ मध्ये पडला. “आक्का, चार माणसांत असं बोलू न्हाय. खांद्याला माणसं नकोत व्हय?” बाईंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आमच्याकडं पाहिलं आणि “पोरींनो,” एवढंच म्हणाल्या.

सगळ्यात आधी शालन पुढं झाली. मग मी, मग आणखी दोघी. “बायका खांदा देत्यात व्हय?” मागून कुणीतरी म्हणालं, पण आडवं कुणी आलं नाही. कुणी पुढं व्हायचं, कुणी मागं, पाऊल कसं टाकायचं, हे आम्हाला विचारावं लागलं नाही. पण शनिवारी मेलेल्या मुली गुपचूप अंग सावरून धरायच्या, उचलणाऱ्यांना मदत करायच्या. नंदानं काही मदत केली नाही. तिचं ते वजन माझ्या खांद्याला अजून कळतं. गाडीपर्यंत आम्ही तिला तशीच नेली, आणि तिचा नवरा भिंतीला टेकून बघत उभा राहिला.

पुढं केस झाली, साक्षीदार फिरले आणि तो सुटला. तिथं उभं राहून बघावं लागलं, एवढीच काय ती त्याला शिक्षा. मला अजून त्याचा संताप येतो.

बाई पुन्हा शाळेत जाऊ लागल्या. शनिवारी मुली मरत राहिल्या, मुलींना मुली उचलत राहिल्या. सुखांतिका मात्र त्यांनी कायमच्या सोडल्या. त्या निवृत्त झाल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा बोलता बोलता म्हटलं, “बाई, माझी भाची तुमच्याच शाळेत होती. म्हणायची, बाई सगळी रडकीच नाटकं करून घेतात.”

बाई गॅसपाशी उभ्या होत्या. चहा उकळत होता. त्यांनी गॅस बारीक केला.

“एकदाबी मरू दिली न्हाई गं मी तिला,” त्या म्हणाल्या. “दर बारीला लगीनच लावत ऱ्हायले. आणि जगाला शिकवलं, मारणारा मुजरा करत येतो म्हणून. माझ्या दारात आला, माझ्या पायावर डोकं ठेवलं त्यानं, आणि मी त्याला हितंच च्या करून दिला.”